मुंबाआईच्या नावाचा मासा

मुंबईचा मासा म्हटला की आपल्याला बोंबील आठवतो. पण शास्त्रज्ञांनी मुंबाआईचे नाव दिले ते गोड्या पाण्यातल्या एका भलत्याच माशाला. २०२१ साली नोंद झालेला हा ‘रक्तामिक्थिस मुंबा’ सापडला जोगेश्वरीत, अंधांच्या एका संस्थेच्या आवारातील सुमारे ४० फूट खोल विहिरीच्या तळाशी. वामीसारखा लांबुळका, आणि स्वतःही आंधळा! कथेत हा योगायोग आला असता तर मी तरी विश्वास ठेवला नसता.

हा मासा जमिनीखालच्या पाण्यात, अंधारात राहतो. म्हणजे आपण मजल्यांवर मजले चढवत होतो, तेव्हा खाली हे बिऱ्हाड आधीपासूनच होते. खडकाच्या फटींतले पाणी हेच त्याचे घर. बोअरवेल आणि टँकर ते उपसतात, फरशा आणि सिमेंट पावसाला आत मुरू देत नाहीत, आणि फुटक्या गटारांतून जे मुरते ते न मुरलेलेच बरे. डासांवर उपाय म्हणून विहिरींत सोडतात ते गप्पी मासेही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. डोक्यावर चमकता ठिपका असलेला आपला चिमुकला देशी मासाही डासांच्या अळ्या आवडीने खातो. त्याला कोणी विचारत नाही.

उघड्यावरच्या पाण्याची गत निराळी नाही. तुळशी तलावाकडून निघालेली दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून वाहते, तोवर तिच्या डोहांत मासे दिसतात. बोरिवलीची वस्ती लागली की सांडपाणी आणि तबेल्यांतले शेण तिला नाल्याची कळा आणतात. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात, ती वलगण. त्यांना गवताळ काठ लागतो, उथळ पाणथळ लागते. २००५ च्या महापुरानंतर उपनगरांतल्या नद्यांच्या काठांवर भिंती उठल्या. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी शिरले त्यांना ‘भिंत नको’ असे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण तळही सिमेंटने बांधून काढायचा, हे मला पटत नाही. पाणी धावत सुटते. मासा थांबणार कुठे?

आमच्या अंधेरीच्या सोसायटीपुढे जुनी विहीर बुजवून दोन गाड्यांची जागा काढण्याचा ठराव आहे. मी एवढेच म्हटले, की आधी तळाशी काय आहे ते एखाद्या जाणकाराकडून पाहून घेऊ. काहींनी हसून मान डोलावली. ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबला आहे.