सेल्फ लागत नाही? आधी आवाज ऐका

हॅलिफॅक्समधली जानेवारीची सकाळ. लॅबला उशीर झालाय. तुम्ही किल्ली फिरवता आणि गाडी नुसती 'टक्' करते. दिवे लागतात, रेडिओही वाजतो. म्हणजे बॅटरी ठीक, स्टार्टरच गेला? थांबा. याच घाईत चांगला स्टार्टर बदलला जातो आणि खिशाला काही शे डॉलरची चाट बसते.

इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर भानगड बहुतेक पेट्रोल किंवा स्पार्कची. फिरतच नसेल, म्हणजे आपल्या भाषेत सेल्फच लागत नसेल, तर बॅटरी ते स्टार्टर ही वाट तपासायची.

किल्ली फिरवली की बारीक वायरीतून सोलेनॉइडला थोडा करंट मिळतो. तो स्टार्टरचं छोटं दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो आणि जाड केबलचा संपर्क जोडतो. मग मोटर शंभर-दीडशे ॲम्पिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढते.

आता कान द्या. भराभर 'टकटकटक' होत असेल तर बहुधा बॅटरी उतरली आहे: सोलेनॉइड ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. एकच जोरदार 'टक्' आला तर सोलेनॉइड हलला, पण मोटर फिरली नाही. काहीच आवाज नाही? मग हुकूमच पोचत नसेल. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक दाबून न्यूट्रलमध्ये सेल्फ मारून बघा. मग फ्यूज आणि रिले.

पण दिवे लागतात, त्याचं काय? शाळेतला ओहमचा नियम आठवा. टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर जमून ०.०२ ओहमचा अडथळा तयार झाला, असं धरा. दिव्यांचे १० ॲम्पिअर त्यातून गेले तर ०.२ व्होल्ट पडतात, कळतही नाही. १५० ॲम्पिअर न्यायला गेलात तर ३ व्होल्ट तिथेच संपतात! त्यात रस्त्यावरचं मीठ खालचे अर्थचे जोड खातं. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो.

म्हणून साधा मल्टिमीटर घ्या. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हात पट्ट्यांपासून लांब. बंद गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. अर्धी असेल तर आधी चार्ज करा. मग मित्राला सेल्फ मारायला सांगा आणि बॅटरीच्या धन खांबापासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत व्होल्टेज मोजा. तसंच ऋण खांबापासून इंजिनच्या धातूपर्यंत. यातलं कुठलंही अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष केबलचा किंवा जोडाचा. तो घासून साफ करा, घट्ट आवळा.

दोन्हीकडे जवळजवळ शून्य, स्टार्टरला पूर्ण व्होल्टेज आणि हुकूमही मिळतोय, तरी मोटर ढिम्म? आता खुशाल म्हणा, स्टार्टर गेला.