ट्रॅक्टर घेताना : एकाचा अनुभव की सगळ्यांचा हिशेब?

ट्रॅक्टर घ्यायचे ठरले की आपण आधी पारावर विचारतो. "ती कंपनी नको, माझी हायड्रॉलिक दोनदा गेली," असे एकाने सांगितले की विषय संपला. सांगणारा खोटे बोलत नाही. पण त्याचा ट्रॅक्टर एकच, आणि कर्जाचा बोजा चढणार तुमच्या सातबाऱ्यावर!

ही चूक मीही केली. माझ्या मोटारसायकलने आठ वर्षांत कधी दगा दिला नाही, म्हणून मेहुण्याला तेच मॉडेल घ्यायला लावले. त्याचे इंजिन वर्षात दोनदा खोलावे लागले. आजही तो ऐकवतो.

आता हिशेब पाहा. समजा, गावात एका कंपनीचे २० ट्रॅक्टर आहेत, दुसरीचे ४. वर्षात पहिल्यांपैकी ५ बिघडले, दुसऱ्यांपैकी २. पारावर ओरड पहिल्या कंपनीचीच जास्त ऐकू येईल. प्रत्यक्षात तिचे चारांत एक बिघडले, दुसरीचे दोनांत एक. म्हणून तक्रार ऐकली की "किती पैकी?" हे विचारा. चारांवरून पक्के ठरत नाही, तेव्हा आजूबाजूची गावेही धरा. मीटरवरचे तासही पाहा. भाड्याने नांगरट करणारा आणि फक्त घरचे रान करणारा ट्रॅक्टर एका मापाने मोजू नका.

मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेते. पीटीओवर मिळणारी ताकद, डिझेलचा खर्च, हायड्रॉलिकची उचल हे तिच्या अहवालात असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. मात्र ही चाचणी ठरावीक तासांची असते. पाचव्या वर्षी काय बिघडेल, हे त्यात सापडणार नाही. ते वापरणारेच सांगतील, पण एकाने सांगून भागत नाही. अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे मासिक दरवर्षी आपल्या सभासदांकडून मोटारींच्या बिघाडांची माहिती गोळा करते, ती याचसाठी.

आपल्याकडे हे काम ग्रामपंचायतीला सहज जमेल. एक वही घाला : मॉडेल, खरेदीचे वर्ष, चाललेले तास, काय बिघडले, किती दिवस उभा राहिला. न बिघडलेल्यांचीही नोंद हवीच, नाहीतर वही म्हणजे नुसते रडगाणे होईल.

शेजाऱ्याला जरूर विचारा. मेकॅनिक किती दिवसांनी येतो, सुटे भाग कुठे मिळतात, हे त्यालाच ठाऊक. पण सही करण्याआधी वही उघडा. हप्ते तुम्हालाच फेडायचे आहेत.