वाढदिवसाच्या फुग्यात युरेनियमचा वाटा

छताला जाऊन टेकणाऱ्या फुग्यातला हेलियम कुठल्या कारखान्यात बनत नाही. तो नैसर्गिक वायूच्या विहिरींतून येतो, आणि जमिनीखाली तो तयार होतो युरेनियम-थोरियममुळे! हे जड अणुगर्भ क्षय पावताना दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचं गाठोडं बाहेर फेकतात. हाच अल्फा कण. त्याला वाटेत दोन इलेक्ट्रॉन भेटले, की झाला हेलियमचा अणू. या वायूचा माग आधी लागला तो सूर्यप्रकाशात, 1868 साली. पृथ्वीवर तो विल्यम रॅम्झी यांच्या हाती लागायला 1895 उजाडलं, आणि सापडला तोही युरेनियमच्याच खनिजात.

हवेतला जवळपास 1 टक्का आर्गॉनही असाच, पोटॅशियम-40 च्या क्षयातून आलेला. हे पोटॅशियम केळ्यात आहे, बटाट्यात आहे आणि आपल्यातही आहे. 70 किलोच्या माणसात दर सेकंदाला त्याचे चार हजारांहून जास्त अणू रूप बदलतात!

एखादा अणू नेमका कधी फुटेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पण ढीगभर अणूंपैकी निम्मे कधी संपतील, ते चोख सांगता येतं. हे अर्धायुष्य. रुग्णालयात स्कॅनसाठी टोचतात त्या टेक्निशियम-99एमचं 6 तास, युरेनियम-238 चं सुमारे 447 कोटी वर्षं. बिस्मथ तर पक्का स्थिर मानला जायचा. तोही क्षय पावतो हे 2003 मध्ये कळलं. त्याचं अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त आहे.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र आफ्रिकेतल्या गॅबॉनची. 1972 मध्ये फ्रान्सच्या एका प्रकल्पात तिथल्या ओक्लो खाणीचं युरेनियम तपासताना हिशेब जुळेना. युरेनियम-235 चं प्रमाण 0.720 टक्के हवं होतं, भरलं 0.717. एवढ्याशा तुटीवरून छडा लागला तो निसर्गाने चालवलेल्या अणुभट्टीचा! सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वी युरेनियम-235 आजच्याइतकं घटलेलं नव्हतं; प्रमाण 3 टक्क्यांच्या घरात, म्हणजे आजच्या अणुभट्टीच्या इंधनाइतकं होतं. खडकात झिरपलेलं पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करायचं आणि साखळी अभिक्रिया पेटायची. उष्णतेने पाणी उकळून गेलं, की ती विझायची. खडक निवून पाणी परतलं, की पुन्हा सुरू. अडकून राहिलेल्या झेनॉन वायूवरून शास्त्रज्ञांनी वेळापत्रकही काढलं: अर्धा तास चालू, अडीच तास बंद. असं लाखो वर्षं चाललं. ना इंजिनिअर, ना नियंत्रण कक्ष!

मग मूलद्रव्यं मुळात आली कुठून? पाण्यातला हायड्रोजन महास्फोटाच्या वेळचा. कार्बन ताऱ्यांच्या पोटातला. तो तिथे बनायचा तर त्याच्या अणुगर्भाला एक ठरावीक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असं फ्रेड हॉईल यांनी 1953 मध्ये ठामपणे सांगितलं, आणि प्रयोगात ती सापडलीही! आपले जयंत नारळीकर याच हॉईल यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी. लोखंडापर्यंत मजल मारली, की ताऱ्याला संमीलनातून ऊर्जा मिळणं थांबतं. त्यापुढच्या बहुतेक मूलद्रव्यांना न्यूट्रॉनचा मारा लागतो. ऑगस्ट 2017 मध्ये सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर दुर्बिणींना दिसली. त्या प्रकाशात 2019 मध्ये स्ट्रॉन्शियम ओळखू आलं. दिवाळीच्या रॉकेटला लालभडक रंग देतं, तेच हे स्ट्रॉन्शियम.