कोपऱ्यातला काळा चौकोन

चित्रकार काझिमिर मालेविचचं 'काळा चौकोन' हे चित्र पाहून बहुतेकांच्या मनात येतं, हे तर कुणीही रंगवेल. नुसत्या कॅनव्हासपुरतं बोलायचं तर ते फारसं चूकही नाही. पण डिसेंबर १९१५मध्ये रशियातल्या पेट्रोग्राडच्या '०.१०' या प्रदर्शनात ते टांगलं कुठे होतं? छताजवळ, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती रशियन घरात ही जागा पवित्र प्रतिमांची, आपल्या देव्हाऱ्यासारखी. आलेला माणूस आधी तिकडे पाहून क्रूसाची खूण करी. तिथे येशू नाही, मेरी नाही, फक्त काळा आकार! समीक्षक अलेक्सांद्र बेन्वा भडकले ते याचमुळे. मॅडोनाच्या, म्हणजे मेरीच्या, जागी हे नवे चित्रकार आता हा चौकोन बसवणार, हा त्यांचा रोख होता. विरोधकालाच चित्र नेमकं कळलं म्हणायचं.

बाहेर महायुद्ध पेटलेलं होतं आणि सव्वा वर्षात झारशाही कोसळली. म्हणून चौकोनात क्रांतीचं भाकीत शोधणारेही आहेत. मला ती घाई वाटते. पुढचा इतिहास ठाऊक असल्यावर मागच्या चित्रात काहीही दिसू लागतं.

पुढे स्टालिनच्या काळात या चित्राचा संदर्भ पालटला. १९३४मध्ये समाजवादी वास्तववाद, म्हणजे कामगारांना सहज कळेल अशी वास्तवदर्शी कला, हे अधिकृत धोरण ठरलं; अमूर्त चित्रं 'रूपवादी', म्हणजे आशय सोडून नुसत्या आकारात रमणारी, म्हणून गोदामात गेली. एकेकाळी धर्माचा अवमान वाटलेला चौकोन आता कामगारवर्गाला निरुपयोगी ठरला.