लेन्सचा मिजाज

रायगडच्या किनाऱ्यावर अशी बरीच घरं आहेत, जिथली माणसं एकेकाळी बोटीवर किंवा आखाती देशांत नोकरीला होती. सुट्टीवर येताना अत्तर, घड्याळ, रेडिओ यांच्याबरोबर एखादा कॅमेराही यायचा. पेटीच्या तळाशी पडलेला असा कॅमेरा आज नातवाच्या हाती लागतो. शटर चालू असतं, पण लेन्स धुरकट झालेली असते. मग तो विचारतो, कमी पैशात याला कोणती जुनी लेन्स बसेल? जाणकार मित्र सांगतो, 'अमकी घे, तिला कॅरॅक्टर आहे.' हे कॅरॅक्टर म्हणजे काय आणि त्यासाठी पैसे मोजावेत का, याविषयी आज बोलू या.

आधी कॅमेऱ्याकडे पाहू. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही, बाजूच्या खिडकीतून पाहतो. खिडकीच्या मध्यभागी एक फिकट चौकोन असतो, त्यात माणूस दोनदा दिसतो. लेन्स फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. पण लेन्स चित्र कसं रंगवणार आहे, हे खिडकीत दिसत नाही. ते फिल्म धुतल्यावरच कळतं. म्हणून या कॅमेऱ्याच्या लेन्सशी आधी ओळख असावी लागते.

लेन्स शोधण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. यशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या लोकप्रिय रेंजफाइंडरची लेन्स बदलताच येत नाही. तिथे दुरुस्तीवाला गाठावा. लेन्स बदलता येत असेल, तर बहुधा ३९ मिलिमीटरच्या आट्यांची पद्धत भेटेल. ती जर्मन लायका कंपनीची. फेड, झोर्की या सोव्हिएत आणि कॅनन या जपानी कॅमेऱ्यांनी तीच उचलली. १९५४ साली लायकाने 'एम' पद्धत आणली, पण एका पातळ कडीच्या मदतीने जुन्या आट्यांच्या लेन्स तिच्यावरही बसतात.

आता कॅरॅक्टर. उर्दूत यासाठी सुंदर शब्द आहे, मिजाज. मराठीत येता येता त्याची मिजास झाली आणि अर्थ बदलला. उर्दूत मात्र मिजाज म्हणजे स्वभावही आणि प्रकृतीही. जुनी लेन्स घेताना हे दोन्ही अर्थ वेगळे ठेवता आले पाहिजेत. जुन्या लेन्सचा स्वभाव घ्यावा, तिचा आजार विकत घेऊ नये. बाजारात पुष्कळदा आजारच स्वभाव म्हणून खपवला जातो.

स्वभाव येतो रचनेतून. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. सहा पृष्ठभाग असतील, तर सुमारे ७८ टक्केच आत पोहोचतो, आणि परतलेला काही प्रकाश लेन्समध्येच भटकत चित्रावर पातळ पडदा धरतो. १९३०च्या दशकात झाइस कंपनीने काचेवर लेप चढवण्याची युक्ती काढली आणि हा पडदा बराच विरला. तरी जुन्या लेन्सचा एकपदरी लेप आजच्या अनेकपदरी लेपापुढे कमीच पडतो. म्हणून तिच्या चित्रात सावल्या थोड्या उजळतात. आपल्या किनाऱ्यावर हे कधीकधी फायद्याचं ठरतं. भर दुपारी जंजिऱ्याची काळी तटबंदी आणि शेजारचा पांढरा फेस एकाच चित्रात घ्यायचा, तर मवाळ लेन्स दोघांनाही सांभाळून घेते. मात्र सूर्य समोर आला की सगळंच फिकटतं. तेव्हा लेन्सबरोबर हूड घ्यायलाच हवं.

स्वस्तात मिळणाऱ्या तीन लेन्स सांगतो. पहिली इंडस्टार-६१, ५५ मिलिमीटर, एफ २.८. चार काचांची ही सोव्हिएत लेन्स सरळमार्गी आणि रेखीव आहे, स्वभाव कमी, भरवसा जास्त. दुसरी ज्युपिटर-८, ५० मिलिमीटर, एफ २. हिचं मूळ झाइसच्या सोनार लेन्समध्ये आहे. लुडविग बेर्टेले यांनी ती १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला रचली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी तोच आराखडा वापरला. सहा काचा तीन गटांत चिकटवल्यामुळे उघडे पृष्ठभाग सहाच राहतात. पूर्ण उघडी ठेवली, तर मध्यावरचा चेहरा ठसठशीत, कडा मऊ आणि मागचं सारं विरघळलेलं दिसतं. लायकाची नवी लेन्स लाखांत जाते, ही काही हजारांत मिळते. तिसरी कॅनन, ५० मिलिमीटर, एफ १.८. घडण उत्तम, पण आतल्या काचेवर धुरकटपणा येण्याची तिला खोड आहे.

सोव्हिएत लेन्सची एक अडचण आधीच कळलेली बरी. फोकसचं अंतर मोजण्याचं तिचं माप लायकापेक्षा किंचित वेगळं आहे. फेड-झोर्कीवर सहसा बिघडत नाही. लायकावर मात्र जवळचा चेहरा एफ २ वर टिपला, तर डोळ्याऐवजी कान स्पष्ट येऊ शकतो. एफ ४ किंवा ५.६ वर आणि थोडं लांबून हा फरक झाकला जातो.

आता प्रकृती. मुंबईत फोर्टच्या बोराबाजारात किंवा चोरबाजारात लेन्स पाहायला जाल, तेव्हा खिशात छोटी बॅटरी ठेवा. लेन्स पूर्ण उघडा, मागून तिरका उजेड टाका आणि समोरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी. ती लेप खाते, पुढे काचही. काच दुधाळ दिसली, तर आतलं ग्रीस उडून काचेवर बसलेलं असतं. ते वेळेवर साफ होऊ शकतं. कडेला इंद्रधनुष्यासारखं वलय असेल, तर चिकटवलेल्या काचा सुटू लागल्या आहेत. अशी लेन्स ठेवून द्यावी. पुढच्या काचेवरच्या बारीक रेघांना फार घाबरू नका, मागच्या काचेवरच्या रेघांना घाबरा. छिद्राच्या पात्यांवर थोडं तेल दिसलं, तर या हाताने फिरवायच्या लेन्सचं फारसं अडत नाही.

घेतल्यावर एक रोल ओळखीसाठी खर्च करा. श्रीवर्धन-नागावकडच्या सुपारीच्या वाडीत, पानांतून ऊन झिरपत असताना माणसाला दीड-दोन मीटरवर उभं करा. एकदा लेन्स पूर्ण उघडी ठेवून, एकदा एफ ४ वर आणि एकदा एफ ८ वर फोटो घ्या. मागचे उन्हाचे ठिपके कसे उतरतात, नजर कुठे स्थिरावते, ते वहीत लिहून ठेवा. एफ ८ वर बहुतेक लेन्स सारख्याच वागतात, स्वभाव दिसतो तो उघडेपणी.

मग सांभाळणं. आपली हवा लेन्सला मानवणारी नाही. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीला आवतण. आगोटीला आपण सोडे-जवळा घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो, तसाच एक डबा लेन्सचाही भरा. आत सिलिका जेल ठेवा, रंग पालटला की ते तापवून पुन्हा कोरडं करा, आणि उघडीप मिळाली की लेन्स बाहेर काढून वापरा.

शेवटी एवढंच, की सर्वांत गुणी लेन्स शोधण्यात वर्षं घालवू नका. कॅमेरा ज्यांनी आणला, त्यांतले काही आज ऐंशीच्या घरात आहेत. साधी, निरोगी ज्युपिटर किंवा इंडस्टार मिळाली की घ्या आणि येत्या पावसाआधी आजोबांना सकाळच्या उन्हात ओटीवर बसवा.