शिवण उसवली, तरी खांदा सुधारला!

२००४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या डॉक्टरांनी एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला आणि भल्याभल्या सर्जनना कोड्यात टाकलं. खांद्यातली कंडरा बरीच फाटलेल्या १८ रुग्णांवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली होती. वर्षभराने सोनोग्राफी केली, तर १८ पैकी १७ जणांची कंडरा पुन्हा फाटलेली! म्हणजे ऑपरेशन सपशेल फसलं म्हणायचं. पण दुखणं किती आणि रोजची कामं किती जमतात, यावर गुण मांडले, तेव्हा १६ जणांची प्रकृती आधीपेक्षा सुधारलेली निघाली. शिवण उसवते आणि खांदा सुधारतो, हे जमतं कसं?

खांद्याचा सांधा मुळातच धाडसी आहे. दंडाच्या हाडाचं गोल डोकं जिथे टेकतं, ती वाटी बशीइतकी उथळ. म्हणूनच हात पाठीमागे नेता येतो आणि वरच्या फळीवरचा डबाही काढता येतो. या मोकळिकीची किंमत चार स्नायूंच्या कंडरा मोजतात. हाडाचं डोकं चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या या चौघींना मिळून ‘रोटेटर कफ’ म्हणतात. सगळ्यात जास्त फाटते ती वरची.

गंमत म्हणजे, फाटली की दुखलंच पाहिजे असं नाही. जर्मनीत खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या ४११ जणांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. २३ टक्के लोकांची कंडरा फाटलेली होती. ऐंशीच्या पुढच्यांत तर निम्म्यांची! पुढच्या आणि मागच्या स्नायूंनी एकमेकांचा तोल सांभाळला, तर वर भोक असतानाही हात उचलता येतो. सेंट लुईसच्या कोड्याचा एक धागा इथे सापडतो.

दुसरा धागा शस्त्रक्रियेतच आहे. सेंटिमीटरभराच्या छिद्रांतून दुर्बीण आणि अवजारं आत जातात. सलाइन सोडून सांधा फुगवतात. पडद्यावर कंडरेची मागे सरकलेली, विरलेली कड दिसते. सर्जन हाड खरवडून ताजं करतात, त्यात बारीक अँकर बसवतात आणि अँकरचे धागे कंडरेतून ओवून तिला हाडाशी आवळतात. पण धागे फक्त धरून ठेवतात. सांधायचं काम शरीराचं. जन्मजात जोडात कंडरेपासून हाडापर्यंत मऊ कूर्चा, मग कॅल्शियम भरलेली कूर्चा असा पायरीपायरीचा उतार असतो. शरीर तो पुन्हा घडवू शकत नाही, व्रणाच्या ऊतींवर भागवतं. म्हणून सुरुवातीचे महिने फार नाजूक. मोठ्या फाटींच्या एका पाहणीत २२ पैकी ९ जोड सुटले, त्यांतले ७ पहिल्या तीन महिन्यांतच. दुखणं थांबलं म्हणून हात झोळीतून लवकर काढू नका, असं डॉक्टर बजावतात ते यासाठी.

पण वर्षभराचा निकाल हा शेवटचा निकाल मानायचा का? हा प्रश्न बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभर वर्षांपूर्वीच लावून धरला होता. फाटलेली कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९०९ मध्ये केली. त्याहून मोठी त्यांची खोड म्हणजे, प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं याची नोंद ठेवायची आणि ती उघड करायची. ते जिथे काम करत होते त्या इस्पितळाने हे मानलं नाही, तेव्हा १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या इस्पितळात १९११ ते १९१६ दरम्यान ३३७ रुग्णांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्यांनी स्वतःच छापल्या!

कॉडमन यांचा हट्ट किती रास्त होता, ते आज कळतं. सेंट लुईसच्या रुग्णांचे सरासरी गुण पहिल्या वर्षानंतर ८५च्या आसपास होते. दुसऱ्या वर्षानंतर ते ८०वर आले. नॉर्वेत तीन सेंटिमीटरपर्यंतच्या फाटी असलेल्या १०३ जणांपैकी काहींची कंडरा उघड्या शस्त्रक्रियेने शिवली, बाकीच्यांना फिजिओथेरपी दिली. शंभर गुणांच्या मोजणीत शस्त्रक्रियावाले पाच वर्षांनी ५ गुणांनी पुढे होते, दहा वर्षांनी जवळपास १०. न शिवलेल्या फाटींपैकी ३७ टक्के पाच वर्षांत पाच मिलिमीटरहून जास्त रुंदावल्या होत्या आणि त्या रुग्णांची स्थितीही खालावली होती. शिवाय कंडरा तुटून स्नायू नुसता पडून राहिला की त्यात चरबी भरते. मग कंडरा शिवली तरी ती चरबी सहसा उतरत नाही.

म्हणजे फाटक्या कंडरेवरचा आराम खरा असतो, पण पुष्कळदा उधारीवरचा. ऐंशीच्या आजोबांना ती उधारी फेडायची वेळ कदाचित येणारच नाही; त्यांना व्यायाम पुरेल. पन्नाशीतल्या, हाताने राबणाऱ्या माणसाचा हिशेब निराळा. फाट किती मोठी आहे हे एमआरआय सांगतो. खांदा अजून किती वर्षं वापरायचा आहे, हे मात्र रुग्णाने आणि डॉक्टरने समोरासमोर बसूनच ठरवावं लागतं.