ई-पत्रांचे टपालघर

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात, अगदी समुद्राला लागून, कुणकेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत तेथे भाविकांच्या लांबच लांब रांगा लागतात. एवढा जनसमुदाय गाभाऱ्यात मावतो कसा? तो एकाच वेळी मावण्याची गरजच नसते. थोडे लोक आत जातात, दर्शन घेऊन बाहेर पडतात आणि मागच्यांना जागा होते. एका वेळी आत किती जण असतात, हाच खरा प्रश्न होय. ई-पत्रांच्या सर्व्हरला किती स्मृती लागते, हा प्रश्नही असाच सुटतो.

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्यामार्फत एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले ई-पत्र पाठविले. आज अशी पत्रे स्वीकारून ती ज्याची त्याच्या स्वाधीन करणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. हे एक टपालघरच होय. टपालघरात पत्रे ठेवण्यासाठी कपाट असते आणि ती निवडण्यासाठी टेबल असते. सर्व्हरचे कपाट म्हणजे डिस्क आणि टेबल म्हणजे रॅम, अर्थात कामापुरती स्मृती. रॅम फार वेगवान असते. परंतु वीज जाताच तिच्यातील सारे पुसले जाते. डिस्क मंद असते. मात्र तिच्यावर लिहिलेले विजेवाचूनही टिकते.

प्रथम कपाटाचा विचार करू. संगणकाच्या प्रचलित लिपिपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात असल्याने ‘कुणकेश्वर’ या शब्दात ९ चिन्हे होतात आणि त्याला २७ बाइट लागतात. म्हणजे हजार चिन्हांचे पत्र जेमतेम ३ किलोबाइटांचे होते. परंतु आंब्याच्या पेटीचे ३ मेगाबाइटांचे एक छायाचित्र अशा सुमारे हजार पत्रांएवढी जागा अडविते. यामुळे डिस्क मोठी असावी लागते.

आता टेबलाकडे वळू. समजा, कुणकेश्वर परिसरातील ५०० कुटुंबांसाठी एक सर्व्हर उभारला आणि प्रत्येकास १ गिगाबाइट जागा दिली. डिस्क ५०० गिगाबाइटांची हवी. म्हणून रॅमही तेवढीच हवी काय? मुळीच नाही. एका वेळी ४० जण पत्रे पाहत आहेत आणि प्रत्येकासाठी ५ मेगाबाइट स्मृती लागते असे धरले, तर २०० मेगाबाइट पुरतात. खरा भार पडतो तो पत्रांतील उपद्रवी मजकूर हुडकणाऱ्या पहारेकऱ्याचा. त्याला हजारो खुणांची यादी सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते. तिच्यासाठी १ गिगाबाइटहूनही अधिक स्मृती खर्ची पडते. सर्व मिळून अशा सर्व्हरला सुमारे ४ गिगाबाइट रॅम पुरते.

रॅम अपुरी पडली तर काय होते? भरलेल्या टेबलाशी बसलेल्या कारकुनाला प्रत्येक पत्रासाठी कपाटाकडे खेटे घालावे लागतात. सर्व्हरही मग डिस्कचाच स्मृतीसारखा उपयोग करू लागतो व त्याचे काम अतिशय मंदावते. उलट, रॅम थोडी अधिक असली तर ती वाया जात नाही. वारंवार लागणारी माहिती तिच्यात हाताशी राहते.

तथापि रॅम कितीही मोठी असली, तरी एक गोष्ट तिच्यावर सोपविता येत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील वीजपुरवठा विस्कळीत केला होता. अशा प्रसंगी वाटेतल्या पत्राचे काय व्हावे? यासाठी ई-टपालाचा एक दंडक आहे: पत्र सुरक्षित नोंदल्याखेरीज सर्व्हरने ‘पोचले’ असे कळवावयाचे नाही. पोच मिळाली नाही तर पाठविणारा सर्व्हर ते पत्र आपल्याजवळ जपून ठेवतो आणि निदान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहतो. वादळ शमते, वीज येते आणि मुंबईच्या मुलाचे पत्र कुणकेश्वरच्या आईला मिळते.

रॅममुळे काम झटपट होते हे खरे. पण दिलेली पोच खरी ठरते ती आधी केलेल्या नोंदीमुळे.